सांगलीची हळद आणि अम्मांचं मलम

आमच्या घरात कुणाला काहीही झालं तरी उत्तर एकच, मलम लाव. ओठ फुटले, मलम लाव. टाचांना भेगा पडल्या, मलम लाव. बांगडी हातात चढत नाही, भुवया पिंजारल्यात, केसांची बट सारखी डोळ्यांवर येतेय, डास चावलाय, दाढी करताना कापलं, मलम लाव. माझे यजमान सेतुमाधव बँकेत आहेत. त्यांचं प्रमोशन एकदा अडकलं तेव्हा अम्मा म्हणाल्या, "साहेबापुढं जाताना ओठाला थोडं मलम लावून जा. तोंड तरी बरं दिसेल."

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, त्रिपुरसुंदरी. ही तंजावरकडची मराठी माणसं, राज्यं गेली तरी भाषा धरून बसलेली, आणि आता चेन्नईत वेस्ट मांबलमच्या दोन खोल्या-किचनच्या फ्लॅटमध्ये आमच्यासकट राहणारी. मी सांगलीची. लग्न होऊन आले तेव्हा अम्मांचं मराठी ऐकून मला वाटायचं, कुणीतरी तमिळ सुरात जुनी पोथी वाचतंय. माझं मराठी ऐकून त्यांना वाटायचं मी भांडतेय. बहुतेक वेळा मी भांडतच असायचे, तो भाग वेगळा. राग माझ्या नाकावर, आणि अम्मांचा जिभेच्या टोकावर. त्यामुळे आमचं छान जमलं.

फक्त मलमाला हात लावू द्यायच्या नाहीत. दिवाळीच्या आधी तिळाचं तेल यायचं, मधमाशांचं मेण यायचं, चिमूटभर भीमसेनी कापूर. दार लोटून घेऊन अम्मा ते करायच्या आणि पितळी करंड्यात ओतायच्या. लोण्याहून जरा घट्ट, फिकट सोनेरी, वासानं देवघर आठवावं असं. मी एकदा म्हटलं, "मला शिकवा की." तर म्हणाल्या, "तुजला धीर नाही गं. मेण वितळेपर्यंत तू तीन भांडणं करशील."  खरंच होतं.

मलमाची बाकीची कामं आमच्यासाठी. अम्मांसाठी त्याचं खरं काम एकच, कुंकू. सकाळी न्हाऊन आल्या की आरशासमोर उभ्या राहायच्या, अनामिकेनं कपाळावर मलमाचा गोल ठिपका, त्यावर कुंकवाची पूड, आणि कडेनं एकदा बोट फिरवलं की झालं. रुपयाएवढं, रेखीव. दिवसभर घाम येवो, चुलीपुढं बसू देत, ते हलायचं नाही. टिकलीला त्या 'कपाळाचं बटण' म्हणायच्या. माझी मुलगी भव्या, वेलचेरीला आयटीत लागली तेव्हापासून क्रीमच्या बारा बाटल्या बाळगते, पण सकाळी शेअर ऑटो पकडायच्या गडबडीत तिच्या पर्समध्ये सापडायची ती आजीनं भरून दिलेली मलमाची डबीच.

तर दोन हजार सातची गोष्ट. अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, ऐंशी वर्षं पुरी होणार होती. आमच्या सांगलीकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. इकडे त्याला सदाभिषेकम म्हणतात आणि थाट असा की लग्नच. म्हाताऱ्या नवरानवरीला पाटावर बसवायचं, डोक्यावर कलशाचं पाणी घालायचं, नवे कपडे, आणि मग नवऱ्यानं पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधायचं. अप्पा एवढे खूश, की काय सांगू. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं अर्धंमुर्धं दिसतं, पण स्वतः दुकानात जाऊन बोटांनी काठ चाचपून अम्मांसाठी लाल कांजीवरम घेऊन आले. "पहिल्या वेळी वडलांनी ठरवली होती," मला म्हणाले. "ह्या वेळी मी पसंत केली."

आणि अम्मा म्हणाल्या, "मजला बसायचं नाही."

आधी वाटलं, नखरा. मग म्हणाल्या गुडघे दुखतात. मग म्हणाल्या, ह्या वयात लोक हसतील. मग म्हणाल्या, "डोक्यावर पाणी ओतणार, कुंकू ओघळणार, आणि मलम तर संपलं. मी तशी भुंडी बसू काय?" मी करंडा उघडून पाहिला. रिकामा. गेल्या दिवाळीत त्यांनी मलम केलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तोवर आम्ही सगळे त्याच्या आदल्या वर्षीचं खरवडत होतो.

अप्पांनी साडीचा खोका कपाटावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत, ताट तिकडेच मागितलं. मला एवढा संताप आला! माणसानं ऐंशी वर्षं काढून एक गोष्ट मागावी आणि हिनं गुडघे पुढं करावेत? मी तडातडा बोलले. अम्मा नेहमीसारख्या उलटून बोलल्या नाहीत. हात पदराखाली घेऊन गप्प उभ्या राहिल्या. तिथंच मला कळायला हवं होतं, पण आम्ही कुठले थांबतोय! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले आणि पिशवी विसरली म्हणून परत फिरले. देवघराचं दार अर्धं उघडं. अम्मा आरशासमोर. अनामिका कपाळाकडे नेत होत्या, आणि बोट थरथरत होतं. वाऱ्यावर निरांजनाची वात हलते तसं. टेकलं तर भलतीकडे टेकलं, कुंकू भुवईवर सांडलं. त्यांनी तेलाच्या बोळ्यानं पुसलं. परत लावलं. परत पुसलं. कपाळ पुसून पुसून लाल झालं होतं. शेवटी त्यांनी ब्लाऊजमधून एक पाकीट काढलं, लाल टिकल्यांचं, आणि त्यातलं एक बटण उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून कपाळाला चिकटवलं.

मी तशीच मागे सरकले आणि जिन्यात जाऊन बसले. गेले कित्येक महिने त्या ताक अर्धाच पेला घ्यायच्या, रसमचं पातेलं मला उचलायला लावायच्या, कोण आलं की हात पदराखाली. मी मेली समजत होते, म्हातारी आता आळशी झाली! रडू आलं मला. पदर तोंडाला लावून रडले, वरच्या मजल्यावरची बाई काय विचारेल म्हणून.

म्हणजे गुडघे नव्हेत, लोकांचं हसणंही नव्हे. त्या दिवशी चारचौघांत त्यांना अक्षता टाकाव्या लागणार, अप्पांच्या गळ्यात हार घालावा लागणार, आणि त्याआधी कपाळावर कुंकू लागणार. ते वाकडं कुंकू आणि तो हात कुणाला दिसण्यापेक्षा त्यांनी अप्पांचं मन मोडायचं ठरवलं होतं. 'मी लावून देते' असं म्हणावं, तर सरळ उत्तर आलं असतं, 'का? मजला हात नाहीत?' आणि दार कायमचं बंद. मला गोड बोलून काम काढता येत नाही. मला फक्त काम करता येतं. म्हटलं, निदान मलमाचं निमित्त तरी संपवू.

अम्मा दुपारच्या झोपल्या तेव्हा मी आणि भव्या स्वयंपाकघरात घुसलो. शनिवार होता, तिला सुट्टी. तेल होतं, मेण मी रंगनाथन स्ट्रीटच्या मागच्या नाटुमरुंदु दुकानातून, म्हणजे आपल्या काष्ठौषधीवाल्याकडून, आणलं होतं. भव्या म्हणाली, "अम्मा, पाटी मंजळ पण घालते ना?" ती मला अम्मा म्हणते आणि आजीला पाटी, मंजळ म्हणजे हळद.

"घालतात तर! आणि हळद मला कुणी शिकवू नये. सांगलीची आहे मी."

माहेरून दर वर्षी येते माझी हळद. आमच्या सांगलीचा हळदीचा बाजार म्हणजे काय, रस्त्यानं गेलं तरी साडी पिवळी होते. चांगले दोन चमचे भरून घातले. मेणाला वितळू दिलं, एकही भांडण केलं नाही. गाळलं, वाटीत ओतलं. रंग असा झळझळीत आला की बघत राहावं. भव्यानं शहाण्यासारखी करंगळी बुडवून नखावर लावून पाहिलं. मी आधी ओठांना, मग गालांना, कपाळाला, मानेला, चांगलं चोळून लावलं. पी हळद आणि हो गोरी, असली माझी घाई. म्हटलं, अम्मा उठतील तेव्हा त्यांच्यासमोर झगमगत उभीच राहते.

झगमगले खरी. भव्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओट्याला धरून खाली बसली. हसताना तिच्या तोंडून आवाजसुद्धा येईना. मी आरशात पाहिलं. आंब्याच्या पेटीतला वरचा आंबा बरा! साबण लावला, तर आणखी पसरलं. टॉवेल पिवळा, ब्लाऊजची गळपट्टी पिवळी, आणि ओठ तर विचारूच नका. दोन दिवसांवर सदाभिषेकम. मंडप ठरलेला, आचारी ठरलेला, अप्पांनी अजून कुणाला नाही म्हणून कळवलेलं नाही.

आमच्या आवाजानं अम्मा उठून दारात आल्या. माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, बोट बुडवून वास घेतला.

"अय्यो! सैपाकाची हळद घातलीस काय गं?"

"मग कुठली घालतात?"

"कस्तुरी मंजळ! ती तोंडाची हळद, ती डाग पाडत नाही. ही तर सांबाराची! तू तोंडाला फोडणी दिलीस!"

आणि त्या हसायला लागल्या. किती महिन्यांनी हसत होत्या, देव जाणे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी आधी फुगले, मग मलाही राहवेना. मी हसले की पिवळ्या ओठांत दात आणखी पांढरे दिसायचे, की त्या पुन्हा सुरू. अप्पा गॅलरीतून विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि कुणाला सांगवेना.

"बस खाली," अम्मा म्हणाल्या. "सांगलीचं लेकरू. हात दाखवून अवलक्षण."

तेल कोमट केलं, मुगाचं पीठ दुधात कालवलं, आणि मला पुढ्यात पाटावर बसवून माझं तोंड चोळायला घेतलं. आधी तेलानं हळद सोडवायची, मग पिठानं उचलायची, पुन्हा तेल. त्यांचे हात माझ्या गालांवर फिरत होते. उजवा हात थरथरत होता, माझी हनुवटी त्याच्याबरोबर थरथरत होती. त्या नादात होत्या, लपवायचं विसरून गेल्या होत्या. माझ्या आईनंही मला असं कधी न्हाऊ घातलेलं आठवत नाही मला. डोळे मिटून बसले. वाटलं, हळद निघूच नये.

मग त्यांच्या ध्यानात आलं. हात थांबला, आणि एकदम पदराखाली गेला.

"भव्या करेल उरलेलं," त्या म्हणाल्या.

"भव्या खाली नारळ आणायला गेलीय," मी म्हटलं. खरं तर ती दारामागेच होती, पण पोरगी हुशार, पाय न वाजवता गेली. "आणि माझं कुंकू पुसलं तुम्ही. आता लावा. भुंड्या कपाळानं उठवू नका मला पाटावरून."

"तूच लाव."

"नाही. ज्यानं पुसलं त्यानं लावायचं."

 त्या अगदी हळू म्हणाल्या, "मजला जमत नाही गं आता."

त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.  पण मी रडले असते तर त्यांनी मला कधी माफ केलं नसतं.

"मला तरी कुठं मलम जमलं?" मी म्हटलं. "लावा."

त्यांनी लावलं. कुंकू डावीकडे सरकलं, खाली एक शेपूट आलं, थोडं नाकावर सांडलं. त्या पुसायला गेल्या तर मी उठलेच. चप्पल घातली, पिशवी घेतली आणि कस्तुरी मंजळ आणायला निघाले. स्टेशनच्या रस्त्यानं, भाजीवाल्यांच्या मधून, पिवळं तोंड आणि शेपटीचं कुंकू घेऊन. लोकांनी बघितलं. बघोत. त्या दुकानदारानं माझ्याकडे बघून न विचारताच कस्तुरी मंजळचा डबा पुढं केला.

परत आले तर नणंद सीतालक्ष्मी वेलचेरीहून आलेली. मनानं चांगली, पण तोंडाला कडी नाही, अगदी माझ्याच जातीची. दारातच म्हणाली, "वैनी, हे काय गं? तोंड असं, आणि कुंकू तर पार पळालंय! थांब, पुसते."

"खबरदार हात लावलास तर!" मी एवढ्या जोरात ओरडले की अप्पा उठून उभे राहिले. "अम्मांनी लावलंय. रात्री झोपेपर्यंत राहणार ते असंच. कुणाला वाकडं दिसत असेल त्यानं मान वाकडी करून बघावं!"

 आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. जरा वेळानं अम्मांची हाक आली. "विद्यु, मंजळ आणलीस की नुसतीच भांडायला गेली होतीस? ये इकडं. तेल तापलंय."

माझं नाव विद्युलता, पण विद्यु फक्त त्याच म्हणतात. त्या स्टुलावर बसल्या आणि मी चुलीपुढं. तेल उकळू देऊ नकोस. मेण किसून टाक, ढेकळं नको. ढवळ. आता थांब. थांब म्हटलं ना! गाळ. गार पाण्याच्या ताटलीत थेंब टाकून बघ, बोटाला चिकटतो का. त्यांच्या तोंडून एकेक निघत होतं, हात माझे चालत होते. करंड्यात ओतलं तेव्हा रंग तोच आला, फिकट सोनेरी. अम्मांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "बरं आहे." ह्यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्या कोशात नाही.

पण बसणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सगळे सकाळीच जवळच्या मंडपात, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयात, गेलो. अम्मा आल्या, पण घरच्या सुती साडीत, काखेत एक पिशवी. तिथल्या एका खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली. बाहेर नादस्वरम सुरू झालं. अप्पा रेशमी धोतर नेसून पाटावर बसले, शेजारचा पाट मोकळा. भटजींनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. अप्पा दाराच्या दिशेनं बघत होते. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाही, तरी बघत होते. सेतुमाधव मला खुणावत होते, जा, काहीतरी कर. मी दारापाशी गेले, पण हाक मारायला तोंड उघडेना. म्हटलं, ओढून आणलं तर येतील, पण मग ते लग्न कसलं?

कडी निघाली. "एकटी ये," अम्मा म्हणाल्या.

लाल कांजीवरम नेसून खुर्चीत बसल्या होत्या. निऱ्या जरा वरखाली, पण नेसल्या होत्या एकट्यानं. भुवयांवर, ओठांवर मलम फिरवलं होतं, चेहरा तुकतुकीत. कपाळ मोकळं. समोर टेबलावर टिकल्यांचं पाकीट होतं, त्याला हात लावलेला दिसत नव्हता, आणि करंडा होता. त्यांनी करंडा उचलला. हातात झाकण खुळखुळ वाजत होतं. तो त्यांनी माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

मी भाकऱ्या थापणारी बाई, माझा हात कधी हलत नाही. मलमात अनामिका बुडवली, कपाळापाशी नेली, आणि बोट थरथरायला लागलं. थांबेना. अम्मांनी एक डोळा उघडला.

"काय गं, तुजला पण झालं काय हे?"

"गप बसा हो," मी म्हटलं. डोळ्यांपुढं सगळं धूसर.

त्यांनी आपल्या हातानं माझं मनगट धरलं. दोन्ही हात हलत होते, कोण कुणाला सावरतंय कळत नव्हतं. तसंच मलम टेकलं, तसंच कुंकू लागलं. मी मागे होऊन बघितलं. मोठं झालं होतं, आणि उजवीकडे चांगलंच झुकलं होतं.

"वाकडं झालं, अम्मा. पुसून परत लावते. एक मिनिट."

त्यांनी आरसा घेतला. निरखून बघत राहिल्या. बाहेर भटजी तिसऱ्यांदा हाक मारत होते.

"नक्को," त्या म्हणाल्या. "ह्यांना दिसत नाही. ज्यांना दिसेल, त्यांना दिसू दे."

आरसा खाली ठेवला, खुर्चीच्या दांडीला धरून उठल्या आणि अक्षतांची वाटी स्वतःच उचलली. दाणे दारापासून पाटापर्यंत सांडत गेले, आणि त्या एकदाही खाली न बघता अप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या.